पाच थरांची फळी

"हात लावू नको!"

गुरुसिद्धप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडला की विजयमालेनं पुढे केलेला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. तो रागावला नव्हता. तीस वर्षं गिरणीत काढलेला माणूस साधं पाणी मागतानाही ओरडतोच. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान केव्हाच नेले होते. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा, आणि आपला आवाज किती चढलाय हे त्याचं त्याला कळायचं नाही.

"नुसती बघत व्हते, अप्पा. खात न्हाय मी तिला."

"पुरं झाल्याबिगर माजं काम मी कुणाच्या हातात देत न्हाय. ठावं हाय न्हवं? बस तितं."

विजयमाला ओट्याच्या कडेला टेकली. १९७८ सालचा एप्रिल होता, शुक्रवारची दुपार. सोलापूरच्या उन्हानं पत्रे कडकड वाजत होते. गिरणीची पहिली पाळी संपवून आलेल्या गुरुसिद्धप्पानं सदराही बदलला नव्हता. त्याच्या हातात टेबल टेनिसच्या बॅटीची नुसती लाकडी फळी होती, अजून रबर न लावलेली. डाव्या हातात मूठ धरून त्यानं उजव्या हाताच्या पेरानं फळीच्या मधोमध टकटक केलं. थांबला. पुन्हा टकटक केलं. डाव्या हाताची बोटं त्यानं मुठीभोवती अशी ठेवली होती, जशी वैद्य नाडीवर ठेवतो.

"कशी झालीया?" तिनं विचारलं.

"मेलीया."

तिचा चेहरा उतरला. रविवारी सकाळी रेल्वेच्या महिला संघासाठी निवडचाचणी होती. दोन जागा होत्या आणि निवड झाली तर कायमची नोकरी. वयाच्या अटीत ती या वर्षी कशीबशी बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. तिचे वडील हिंदुराव याच गिरणीत माग चालवायचे. त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "रेल्वेत लागलीस तर खुशाल खेळ. न्हायतर बॅट खुंटीला." आणि आठच दिवसांपूर्वी तिची बॅट गेली होती. परदेशात बनलेली, बदली होऊन गेलेल्या एका शिक्षकांनी दिलेली, सहा वर्षं हाताला बसलेली बॅट. तिनं ती पत्र्याच्या पेटीवर ठेवली आणि उन्हानं पेटी इतकी तापली की फळीचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले, मूठही तडकली.

गुरुसिद्धप्पा गिरणीच्या सुतारखात्यात होता. मागावर इकडून तिकडे धावणारे लाकडी धोटे तासायचे, त्यांना कुठे कुसळ राहिलंय का ते बोट फिरवून बघायचं, हे त्याचं काम. धोट्याला केसाएवढं कुसळ असलं तरी सूत तुटतं. मागाची थरथर मारण्यात त्याचा दिवस जायचा आणि संध्याकाळी घरी तो कामगार कल्याण केंद्रातल्या मुलांसाठी फळ्या करायचा, त्यांत मात्र थरथर जिवंत ठेवायची असायची. तीन वर्षांत आठ-दहा फळ्या झाल्या होत्या. मुलं म्हणायची, अप्पांनी 'चांगली' म्हटलेली बॅट चांगलीच असते.

"मेली म्हंजे नेमकं काय वो?" विजयमालेनं विचारलं. उत्तर तिला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पण तिला गप्प बसवत नव्हतं.

असं कुणी विचारलं की गुरुसिद्धप्पाचं काम थांबायचंच. त्यानं आत हाक मारली, "शिवबाई, दोन कडक भाकऱ्या आण. आन् एक आत्ताची मऊ."

शिवबाई भाकऱ्या घेऊन बाहेर आली. "पोरीला खाऊ घालताय का साळा भरवताय?"

"दोन्ही." त्यानं मऊ भाकरी एका कडेला धरून उचलली. ती लोंबली. "ही एकटी काय कामाची न्हाय. आता बघ." त्यानं ती दोन कडक भाकऱ्यांच्या मध्ये ठेवली आणि तिन्ही एकत्र धरल्या. चळत ताठ राहिली. "ताठपणा कुटं हाय? वरच्या आन् खालच्या थरात. मदली काय करती? दोघींना लांब ठेवती, एवढंच. म्हणून मदला थर हलका पायजे. परदेशातनं मशीनचं सामान येतं न्हवं, त्या खोक्याचं लाकूड घेतलंय मी. वर सागाचा पापुद्रा, मोडक्या रेडिओच्या पेटीचा. सागाचा जाड झाला तर बॅट धोंडा. चेंडू लागला का न्हाय ते हाताला कळत न्हाय. लई पातळ झाला तर फटक्याला वाकती आन् उशिरा सरळ हुती. तवर चेंडू कुटंबी जातो."

"आन् दुसरा-चौथा थर आडवा का लावता?"

"तुजा बाप कापड कसं इणतो? नुसता उभा धागा इणतो व्हय?"

ती हसली. कडक भाकरीचा तुकडा मोडून तिनं शेंगाचटणीला लावला. मग तिची नजर पुन्हा फळीवर गेली. "मग हिचं काय चुकलंय?"

गुरुसिद्धप्पानं दोन्ही हात एकमेकांवर चोळले, थंडीत चोळतात तसे. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन होतं.

"थरांमदला सरस जाड बसला असंल," तो म्हणाला. "वाळला की दगड हुतो. बोटाला कायबी येत न्हाय बघ. वरचा थर जरा उतरवतो."

काचेचा तुकडा घेऊन तो सागाचा पापुद्रा खरवडू लागला. धुळीएवढा बारीक भुसा त्याच्या मांडीवर पडत होता. दर चार हातांनी थांबायचं, टकटक करायची, मुठीवर बोटं ठेवून वाट बघायची आणि पुन्हा खरवडायचं. विजयमाला त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. एकदाही तो चेहरा उजळला नाही. ऊन उतरल्यावर ती सायकल घेऊन निघाली तेव्हा तो म्हणाला, "भिऊ नको. थरांची दुसरी जोडी चिकटवून ठिवलीया. उद्या पाचला ये." पण हे तिच्याकडे न बघता म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं फळीच्या टोकावर अंगठा दाबला. फळी वाकलेली त्याला डोळ्यांनी दिसली. एवढी खरवडली, वाकायला लागली, तरी बोटांना काही येत नव्हतं. ही तर आता वायाच गेली.

शनिवारी पाळी सुटल्यावर तो जेवलासुद्धा नाही. दुसऱ्या जोडीतली फळी त्यानं पहाटेच कापून ठेवली होती. आता मुठीच्या दोन बाजूंना लाकडाच्या चिपा बसवायच्या होत्या. चुलीवर पाण्याच्या पातेल्यात सरसाचा डबा ठेवला. सरस पातळ झाला तसा हात लांब ठेवून ब्रशनं लावला, चिपा बसवल्या, सुतळीनं गच्च बांधल्या. तासाभरानं सुतळी सोडली. मग ओट्यावर येऊन बसला आणि टकटक केलं.

काहीच नाही.

एकच खोकं, तोच साग, तीच मापं. सरस तर या वेळी एवढा पातळ लावला होता की सुटेल की काय अशी भीती. आधीच्या साऱ्या फळ्या बोलल्या, मग या दोनच मुक्या का? सरसात भेसळ असेल? खोक्याचं लाकूड उन्हानं मेलं असेल? पाच वाजायला दीड तास उरला होता आणि तिसरी फळी करायची तर पाचही थरांचा सरस वाळायलाच दोन दिवस लागले असते. त्यानं काचेचा तुकडा उचलला. मग आठवलं, सरसाचा डबा चुलीवर तसाच आहे, करपेल. आत जाऊन त्यानं डबा उचलला आणि उभ्या उभ्या विचार करत राहिला, खरवडावं किती, एका बाजूनं की दोन्ही.

"येन्री! अवो, डबा सोडा! सोडा आदी!"

त्याला ऐकू आलं नाही. शिवबाईनं धावत येऊन त्याच्या हातावर फटका मारला तेव्हा डबा खाली पडला. त्यानं बघितलं. उजव्या हाताच्या तर्जनीची आणि मधल्या बोटाची कातडी पांढरी पडून वर आली होती. घरात जळल्याचा वास होता.

"भाजलं न्हाय तुमास्नी?"

तो बोटांकडे बघत राहिला. नंतर वळून ओट्यावर गेला, फळी उचलली आणि तिच्या मुठीचं टोक दातांत धरलं. गिरणीतला फिटर कान गेल्यावर असंच करतो. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला लावतो, दुसरं दातांत धरतो आणि आतलं ऐकतो. गुरुसिद्धप्पानं पेरानं फळीवर टकटक केलं.

टण्.

जबड्यातून कानशिलापर्यंत झिणझिणी गेली. स्वच्छ, तोकडी, ताठ. त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा तीच. मग कालची खरवडलेली फळी उचलली, दातांत धरली. तिच्यातून ढिला, लांबणारा घुमारा आला. तीही मेलेली नव्हती. काल दुपारी काच लावायच्या आधी ती कशी वाजत असेल, हे आता कधीच कळणार नव्हतं.

त्यानं दोन्ही फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"शिवबाई, हितं ये. ही मूठ धर." आपलं अर्धवट काम त्यानं आजवर कुणाच्या हातात दिलं नव्हतं. शिवबाईनं पदराला हात पुसून फळी धरली. त्यानं टकटक केलं. "काय वाटतं?"

"मुंग्या पळाल्यावानी. तळव्यापातूर."

"आन् हिच्यात?" त्यानं कालची फळी तिच्या हातात दिली.

"हिच्यात..." तिनं मूठ पुन्हा धरली. "म्हस अंग झाडती न्हवं, माशा बसल्यावर? तसं."

एरवी तो खो खो हसला असता. शिवबाईनं फळी खाली ठेवली, अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याचा डावा हात ओढून घेतला. बोटाच्या शेंड्याला टोचलं. तो नुसता बघत होता. दुसऱ्या पेराला टोचलं. तळव्याला टोचलं. मनगटाला टोचलं तेव्हा त्यानं हात झटकला.

"कवापासनं हाय हे?"

"दिवाळीपासनं असंल. आदी शेंड्यालाच व्हतं. वाटलं, जाईल."

"आन् मला सांगितलं न्हाय."

"काय सांगायचं?"

गल्लीच्या टोकाला एक माणूस राहायचा. त्याचंही बोटांपासूनच सुरू झालं होतं. त्याची ताटवाटी आता घराबाहेर असायची. दोघांनाही तो आठवला, पण त्याच्या रोगाचं नाव कुणी काढलं नाही.

"सोमवारी दवाखान्यात जायचं," शिवबाई म्हणाली. "मी येणार संगं." आणि ती भाजलेल्या बोटांना लावायला तूप आणायला आत गेली.

पाचला विजयमाला आली. बोटांना बांधलेली चिंधी बघून तिनं विचारलं, "काय झालं?" "सरस लागला," तो म्हणाला. तेवढं तरी खरं होतं. तिनं जुन्या बॅटीचं जपून काढलेलं रबर पिशवीतून काढलं, सायकलच्या दुकानातून आणलेलं सोल्यूशन लावलं आणि दोन्ही बाजूंना रबर चिकटवून दाबलं. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. दर वेळी बघायची तसंच.

"कशी झालीया, अप्पा?"

सांगावं का? उद्या चाचणी. पोरीचा जीव त्याच्या एका शब्दावर टांगलेला. कल्याण केंद्रातलं टेबल चाचणीसाठी हलवलेलं, सरावाचीही सोय नव्हती. फळी वाजते एवढंच त्याला कळलं होतं. तिच्या जुन्या बॅटीसारखी वाजते का, ते सांगणारी बोटं गेली होती.

"झ्याक हाय," तो म्हणाला.

ती उड्या मारत गेली आणि त्याला रात्रभर झोप आली नाही.

रविवारी स्टेशनजवळच्या हॉलमध्ये सहा मुली होत्या. चेंडू वाऱ्यानं हलू नये म्हणून पंखे बंद ठेवले होते. खिडक्याही बंद. भिंतीकडेच्या बाकावर बसलेल्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. गुरुसिद्धप्पा कापडी पिशवी मांडीवर घेऊन अगदी कोपऱ्यात बसला. पिशवीत परवाची खरवडलेली फळीही होती, तिची मूठ बाहेर डोकावत होती, तिलाही त्यानं केंद्रातलं जुनं रबर लावून आणलं होतं. का आणली, ते त्याला सांगता आलं नसतं.

अकराच्या सुमाराला विजयमालेचा शेवटचा सामना सुरू झाला. आधीच्या चारांपैकी दोन ती हरली होती, हा जिंकला तरच दुसरी जागा तिची होती. समोर पुण्याकडची उंच मुलगी. चेंडूचा आवाज गुरुसिद्धप्पाला येत नव्हताच. त्याला फक्त दिसत होतं की विजयमालेचे फटके टेबलाच्या पलीकडे जातायत. नाहीतर जाळीत. पहिला डाव ती तेरा-एकवीस असा हरली.

पंच घाम पुसत होता तेवढ्यात ती धावत कोपऱ्यात आली. डोळे भरलेले.

"अप्पा, ही मेलीया. हाताला कायच येत न्हाय. तुमी दुसरी आणलीया न्हवं? द्या की!"

त्यानं पिशवीत हात घातला. दुसरी द्यायची म्हणजे तिला बुडवायचंच. हीच ठेव म्हणावं तर कशाच्या जोरावर? ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो 'चांगली' म्हणाला की चांगली, हे तिला तीन वर्षांत त्यानंच शिकवलं होतं.

त्यानं हात रिकामाच बाहेर काढला.

"विजे, मला कळत न्हाय," तो म्हणाला. हळू बोलायचा प्रयत्न केला, तरी पुढच्या बाकावरच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. "माजी बोटं गेली. दिवाळीपासनं त्यास्नी कायच कळत न्हाय. काल झ्याक म्हनलो ते अंदाजानं म्हनलो. पिशवीतली म्या खरवडून वाया घालवलीया, ती घिऊ नको. ह्या हातातलीचं तूच सांग."

तिची नजर त्याच्या चिंधी बांधलेल्या बोटांवर गेली. त्याची नजर तिच्या बोटांवर होती. मूठ तिनं इतकी आवळून धरली होती की नखं पांढरीफट्ट पडली होती.

"तू तिचा गळा दाबलायस," तो म्हणाला. "लाकूड हलतं, तवाच सांगतं. गच्च धरलं की गप. मोकळी धर. पाखरू धरल्यावानी. आन् डोळं मीट."

तिनं डोळे मिटले. बॅट सैल धरून तिच्यावर चेंडू उडवला. एकदा, दोनदा, सात-आठदा. पंचानं हाक मारली, गुरुसिद्धप्पाला ती ऐकू आली नाही. तिचे ओठ हलले ते मात्र त्यानं वाचले.

"बोलती की."

"कशी बोलती? जुनीवानी?"

"न्हाय. जुनीपरीस घाईची हाय. चेंडू लागला की लगीच सोडती."

"म्हंजे ताठ झालीया. मग तू घाई करू नको. घाई तिची ती करंल."

ती टेबलाकडे गेली. दुसऱ्या डावात पहिले चार गुण पुन्हा गेले. गुरुसिद्धप्पानं चेंडूकडे बघणंच सोडलं. तो फक्त तिच्या मुठीकडे बघत होता. नखं लाल होती. मध्येच एकदा पांढरी झाली, लांब फटका चुकला, तिनं हात झटकला आणि पुन्हा ती लाल झाली. चेंडू आता टेबलाच्या कडेला पडू लागले होते. ती फार जोरात मारतच नव्हती. एकवीस-सतरा. तिसरा डाव वीस-वीसवर आला तेव्हा त्याला बघवेना. तो पायांकडे बघत बसला. बाकावरची माणसं एकदम उठली, त्यांचे पाय हलले. तेवढ्यावरून काही कळेना. मग विजयमाला समोर आली. दम लागला होता. दोन बोटं वर करून तिनं त्याला दाखवली, दुसरी जागा. बावीस-वीस.

"खरं?" तो म्हणाला.

"खरं, अप्पा."

तिच्यामागून निवड समितीतले एक साहेब आले. स्वतः जुने खेळाडू असावेत. त्यांनी तिचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि सहज तिच्या हातातली बॅट घेतली. तिच्या कडेवर टिचकी मारली. पाच थर डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"छान आहे. कुठल्या कंपनीची?"

"कंपनी न्हाय, साहेब." तिनं कोपऱ्याकडे हात केला. "हे आमचे अप्पा."

"तुम्ही केली? इथे, सोलापुरात?"

गुरुसिद्धप्पा उभा राहिला. चिंधीचा उजवा हात त्यानं पाठीमागे नेला होता. पण साहेबांनी हात पुढे केला होता आणि तो तसाच पुढे ठेवला होता. हात देऊन मग त्यांना बोटांचं कळलं तर? त्यानं विजयमालेकडे बघितलं. मग तोच हात पुढे दिला.

साहेबांनी तो दोन्ही हातांत धरला. ते काहीतरी बोलत होते, ओठ भराभर हलत होते. त्याला ते वाचता आलं नाही, कारण तो खाली बघत होता. साहेबांच्या हातावरच्या शिरा फुगल्या होत्या, म्हणजे ते घट्ट धरत असावेत. मग त्यानंही अंदाजानं तेवढंच घट्ट धरलं आणि ते हात कधी सोडतात ते कळावं म्हणून त्यांच्या हातांवरची नजर काढली नाही.